कागदी लक्ष्मीची न वटलेली वचने

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी चौरंगावर आपण चांदीचे रुपये मांडतो, वह्या मांडतो, आणि त्यांच्या शेजारी चार कोऱ्या करकरीत नोटाही ठेवतो. चांदीच्या रुपयाला हळदकुंकू वाहताना मनात काही शंका येत नाही. राज्य बदलले, राजा गेला, तरी रुपया वितळवून चांदी हाती येते. नोटेचे तसे नाही. ती वितळवता येत नाही, आणि चुलीत घातली तर एका कपाच्या चहाला आधणही येणार नाही. तिच्यात मोलाची अशी एकच वस्तू असते, ती म्हणजे शब्द. धारकाला इतके रुपये अदा करण्याचे वचन गव्हर्नरसाहेब सही करून देतात, आणि त्या शब्दावर आपला वाणी, दूधवाला, मुलांची फी, सारे काही सुरळीत चालते. आपल्या जुन्या पेढ्यांच्या भाषेत सांगायचे तर नोट म्हणजे दर्शनी हुंडी. दाखवली की वटली पाहिजे.

आता अशी कल्पना करा, की हुंडी लिहिणारी पेढीच उठून गेली. दुकानाला कुलूप, मुनीम परागंदा, आणि हुंडी मात्र आपल्या हातात. असा कागद कोण घेईल? पण घेणारे आहेत! नुसते घेणारे नव्हेत, त्यासाठी लिलावात एकमेकांवर चढाओढ करणारे आहेत.

तिकिटे जमवणारा एखादा तरी मुलगा प्रत्येक आळीत असे, आणि जुन्या नाण्यांचा नाद असलेले एखादे काका बहुतेक कुटुंबांत निघत. नोटांचा नाद त्या मानाने नवा. १९६१ साली या छंदाची आंतरराष्ट्रीय संस्था निघाली. आल्बर्ट पिक नावाच्या जर्मन संग्राहकाने साऱ्या जगातल्या नोटांच्या क्रमवार याद्या केल्या, आणि 'पिक अमुक नंबर' ही या मंडळींची बोलीच होऊन बसली. या दुनियेत फ्रेंच वसाहतींच्या नोटांचे दालन मोठे मानाचे समजले जाते. एक तर त्या दिसायला देखण्या. दुसरे म्हणजे पाँडिचेरीपासून मार्टिनिकपर्यंत आणि सायगावपासून ताहितीपर्यंत सारी पृथ्वी त्यांत आलेली. पण खरे कारण तिसरेच आहे, आणि ते समजायला एक साधा नियम ध्यानात घ्यावा लागतो.

जे वचन पाळले गेले त्याची नोट सहसा उरत नाही. ती बँकेच्या खिडकीत परत येते, तिला भोक पाडतात, आणि शेवटी तिची राख होते. उरते ती वाट चुकलेली नोट: कुणी पेटीच्या तळाशी ठेवून विसरलेली, कुणाला मुदतीत बँकेपर्यंत पोचता न आल्याने हातात राहिलेली, कुणी 'उद्या चालेल' या आशेवर जपलेली. तेव्हा दुर्मिळ नोट हाती आली की जाणता संग्राहक मनाशी विचारतो, ही बाई वटली का नाही? आणि तिच्यापायी बुडाले कोण?

पत्त्यांच्या पानांवर पगार

फ्रेंच वसाहतींतल्या कागदी पैशाची पहिली गोष्ट कॅनडातली आहे. त्या मुलखाला तेव्हा 'नवा फ्रान्स' म्हणत. पैसा यायचा तो जहाजातून, आणि हिवाळ्यात सेंट लॉरेन्स नदी गोठली की महिनोन् महिने जहाजाचे नाव नाही. १६८५ साली फौजेचा पगार वेळेवर पोचलाच नाही. कारभारी होते जाक द म्यूल. त्यांनी आधी पदरचे पैसे घातले, मग उसनवारी केली. तेही संपले. नोटा छापाव्यात तर वसाहतीत छापखानाच नव्हता. पण शिपायांच्या छावणीत एक वस्तू भरपूर असते, ती म्हणजे खेळायचे पत्ते. ८ जून १६८५ रोजी द म्यूल यांनी पत्त्यांच्या पानांवर रकमा लिहून, सह्या करून तेच पगार म्हणून वाटले. बदाम असो की इस्पिक, दुकानदाराने ते घेतलेच पाहिजे असा हुकूम सुटला.

त्या वर्षी शब्द पाळला गेला. जहाजे आली, पाने परत घेतली गेली. पॅरिसला ही युक्ती मुळीच रुचली नाही, कारण पत्त्यावर खोटी सही करायला कितीसा वेळ लागतो? पण गोड लागलेले औषध कोण सोडतो! पुढे पुन्हा पाने निघाली, आणि पुन्हा निघाली. १७१४ च्या सुमारास अशा पानांची एकूण रक्कम वीस लाख लिव्रच्या घरात गेली, आणि सरकारने ती निम्म्या भावाने परत घ्यायचे ठरवले. रुपयाला आठ आणे म्हणा ना! १७२९ साली, लोकांचीच मागणी आहे म्हणून, कोऱ्या पांढऱ्या पत्त्यांवर नवा पैसा निघाला. १७६३ साली कॅनडा इंग्रजांकडे गेला, आणि लोकांच्या घरात उरलेल्या फ्रेंच कागदी पैशाचा अंशच तेवढा हाती आला.

१६८५ ची ती मूळची पाने संग्राहकाला मिळतील का? नाही. त्यांतले एकही अस्सल पान आज उपलब्ध नाही. पुस्तकांत जी रंगीत चित्रे दिसतात ती नंतरच्या चित्रकाराने वर्णनावरून काढलेली आहेत. ज्या पानांचे पैसे चुकते झाले ती जळाली, आणि संग्रहालयांत काय ती नंतरची थोडी कोरी पाने राहिली. आपला नियम इथेच सिद्ध होतो.

भरपाई कुणाला मिळाली?

दुसरी गोष्ट उसाच्या मळ्यांची. मार्टिनिक, ग्वादलूप, रियुनियन या बेटांवरची साखर गुलामांच्या घामातून निघत असे. २७ एप्रिल १८४८ च्या हुकुमाने फ्रान्सने आपल्या वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली. या कामी व्हिक्टर शोल्शेर नावाच्या सत्पुरुषाने जन्म वेचला होता. पुढच्याच वर्षी, ३० एप्रिल १८४९ रोजी, भरपाईचा कायदा झाला. वाचकांना वाटेल, पिढ्यान् पिढ्या राबलेल्यांना काही मिळाले असेल. छे! भरपाई मिळाली ती मालकांना, त्यांचा 'माल' गेला म्हणून. मुक्त झालेल्या माणसाच्या हातावर एक सूदेखील पडला नाही.

या भरपाईचा आठवा हिस्सा सरकारने बाजूला काढून ठेवला, आणि ११ जुलै १८५१ च्या कायद्याने त्यातून वसाहतींच्या बँकांचे भांडवल उभे केले. मार्टिनिक बँक, ग्वादलूप बँक, रियुनियन बँक यांच्या जुन्या नोटा आज संग्राहक जिवापाड जपतात. त्यांवरच्या नक्षीला तोड नाही. पण त्यांच्या पायाशी माणसांच्या किमतीचा पैसा पुरलेला आहे, हे विसरून ती नक्षी पाहता येत नाही.

आता काळाने उगवलेला सूड पाहा. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ च्या सुमारास, या बेटांसाठी नव्या नोटांची मालिका निघाली. पाच फ्रँकांवर दर्यावर्दी बूगँव्हिल, दहावर मंत्री कोल्बेर, शंभरावर ला बुर्दोने. आणि सर्वांत मोठ्या, पाच हजार फ्रँकांच्या नोटेवर शोल्शेर! मालकांच्या भरपाईतून ज्यांचे चलन सुरू झाले त्या बेटांवर शंभर वर्षांनी मुक्तिदात्याचे चित्र आले. पाच हजारांची नोट गरिबाच्या हाती कितीदा पडली असेल, हा प्रश्न मात्र उरतोच.

डुप्लेसाहेबांचे पन्नास रुपये

वरच्या मालिकेतले ला बुर्दोने हे नाव आपल्याला परके नाही. १७४६ साली इंग्रजांचे मद्रास जिंकणारा हाच तो गृहस्थ. खंडणी घेऊन शहर परत द्यावे असे त्याचे म्हणणे, आणि पाँडिचेरीचा गव्हर्नर डुप्ले म्हणे, मुळीच नाही. दोघांचे असे भांडण जुंपले की ला बुर्दोनेला शेवटी पॅरिसच्या बास्तीय तुरुंगात खितपत पडावे लागले. १७५१ साली तो निर्दोष सुटला आणि दोन वर्षांनी वारला.

डुप्लेची गत काय झाली? १७५४ साली त्याला परत बोलावले गेले. कंपनीसाठी आपण पदरचा पैसा घातला, तो परत द्या, म्हणून त्याने दावे मांडले. ते मिळाले नाहीत, आणि १७६३ साली तो दारिद्र्यात मेला. पुढे फ्रेंच हिंदुस्थानसाठी १९३६ ची पन्नास रुपयांची देखणी नोट निघाली, तिच्यावर चित्र कुणाचे? डुप्लेचे! स्वतःची हुंडी आयुष्यभर न वटलेला माणूस नोटेवर बसून इतरांना पैशाची खात्री देतो आहे. इतिहासालाही विनोदबुद्धी असते म्हणायची.

या नोटा काढणारी पेढी म्हणजे इंडोचायना बँक. २१ जानेवारी १८७५ च्या सरकारी हुकुमाने ती पॅरिसमध्ये स्थापन झाली, आणि सायगाव व पाँडिचेरी या दोन ठिकाणी नोटा काढण्याचा हक्क तिला मिळाला. म्हणून एकाच बँकेच्या एका नोटेवर 'पियास्त्र' आणि दुसरीवर 'रुपी' असा मौजेचा प्रकार दिसतो. खुर्द्याचा हिशेब तर त्याहून मौजेचा: आठ फानोंचा एक रुपया, आणि चोवीस काशांचा एक फानों. म्हणजे रुपयाचे १९२ काश. आपल्या जुन्या रुपयाच्या पैही १९२ च होत्या, त्यामुळे हद्द ओलांडणाऱ्या भाजीवालीचे काही अडत नसावे!

गोव्यातल्या जुन्या घरांतून पोर्तुगीजांच्या 'रुपिया'च्या नोटा निघतात, त्या पुष्कळ वाचकांनी पाहिल्या असतील. पाँडिचेरीच्या नोटा त्याहून विरळा, कारण मुलूखच केवढासा! पाँडिचेरी, कारिकल, माहे, यानम आणि चंद्रनगर. चंद्रनगर १९५० सालीच भारताकडे आले. बाकीच्या ठिकाणांचा कारभार १ नोव्हेंबर १९५४ रोजी आला आणि कायद्याने हस्तांतर १६ ऑगस्ट १९६२ रोजी पुरे झाले. रुपीच्या नोटेचे काम संपले, आणि संग्राहकाचे सुरू झाले.

सायगावचा सतरा फ्रँकी चमत्कार

फ्रेंच हिंदुस्थानची पुष्कळ माणसे सायगावला नोकरीला जात. कुणी कचेरीत, कुणी पोलिसांत. तामिळनाडूतल्या चेट्टियार सावकारांनीही तिथे पेढ्या थाटल्या होत्या. या मंडळींच्या हातून फिरे तो पियास्त्र. मुळात ते चांदीचे सत्तावीस ग्रॅमांचे भरदार नाणे. नोटेवर 'धारकाला नाण्यांत देय' असे छापलेले, आणि १९३० पर्यंत पियास्त्रचे मोल चांदीवरच बेतलेले होते. त्या वर्षी तो दहा फ्रँकांना जखडला गेला.

९ मार्च १९४५ रोजी जपान्यांनी इंडोचायनातली फ्रेंच सत्ता उलथून टाकली. त्यानंतर पाचशे पियास्त्रच्या नोटा भराभर बाहेर पडल्या. जपान हरला, फ्रेंच परतले, आणि १७ नोव्हेंबर १९४५ रोजी हुकूम निघाला: जपानी अमलात काढलेल्या पाचशेच्या नोटा रद्द! एका रात्रीत हातातल्या पैशाचा कागद झाला. हनोईत लोक खवळून रस्त्यावर आले. त्या लोकांना काय वाटले असेल ते आपल्याला समजावून सांगायला नको. १९४६, १९७८ आणि २०१६ ही साले भारतीय घरांना पाठ आहेत.

त्याच वर्षी नाताळच्या दिवशी दुसरा हुकूम झाला, की एका पियास्त्रचे सतरा फ्रँक. बाजारात मात्र तो सात ते दहा फ्रँकांच्या आसपासच मिळे. चतुर माणसाला आणखी काय हवे? सायगावात आठ हजार फ्रँक खर्चून हजार पियास्त्र घ्यायचे, सरकारी परवानगीचा शिक्का मिळवायचा, आणि ते सरकारी दराने पॅरिसला पाठवायचे. तिकडे सतरा हजार फ्रँक तयार! फरकाची रक्कम भरी फ्रेंच खजिना, म्हणजे तिथली करदाती जनता. या व्यवहारात व्यापारी, अधिकारी, राजकारणी यांनी हात धुऊन घेतले. ज्या व्हिएतमिन्हशी फ्रान्स लढत होता त्यालाही या उलाढालीतून परकी चलन मिळाले. १९५३ साली जाक देप्युश याने पुस्तक लिहून हे सारे चव्हाट्यावर आणले. त्याच वर्षी ११ मे रोजी पियास्त्र पुन्हा दहा फ्रँकांवर आणला गेला. पैसे करणारे केव्हाच पैसे करून गेले होते. भाववाढीचा चटका बसला तो सायगाव, नोम पेन्ह, व्हिएन्टियानच्या बाजारात पिशवी घेऊन जाणाऱ्या गृहिणीला.

लढाईतला कागद

जून १९४० मध्ये फ्रान्स पडला, आणि वसाहतींना पॅरिसहून नोटा येण्याची वाट बंद झाली. मग ज्याला जो छापखाना मिळाला तो त्याने धरला. इंडोचायनाच्या नोटा हनोईतच साध्या कागदावर छापल्या गेल्या. नूमेया आणि ताहितीसाठी ऑस्ट्रेलियात छपाई झाली, मार्टिनिकसाठी अमेरिकेत. पहिल्या महायुद्धात तर मादागास्करमध्ये याहून कडी झाली होती. १९१६ साली सुट्ट्या पैशांचा तुटवडा पडला, तेव्हा टपालाची तिकिटे पुठ्ठ्यावर चिकटवून तीच चलन म्हणून चालवली गेली! असले ओबडधोबड तुकडे संग्राहकाला सुबक नोटांपेक्षा प्रिय असतात, कारण ते जपून ठेवण्याचे त्या काळी कुणाच्या मनातही आले नाही.

द गॉल यांच्या 'स्वतंत्र फ्रान्स'ने लंडनमध्ये नोटा छापून घेतल्या. त्यांचे चित्रकार होते एडमंड ड्युलाक, म्हणजे अरेबियन नाइट्स आणि उमर खय्यामच्या रुबायांची स्वप्नवत चित्रे काढणारे ते प्रसिद्ध ड्युलाक. हजार फ्रँकांच्या नोटेवर ज्वाळांतून वर झेपावणारा फिनिक्स पक्षी आहे. त्या घटकेला या मंडळींपाशी पॅरिसदेखील नव्हते. नुसत्या उमेदीवर काढलेली ही हुंडी, पण ती वटली!

पारखी नजर

हा नाद कुणाला लागलाच तर चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. फ्रेंच नोटेवर टाचणीची बारीक भोके दिसली तर दचकू नये. तिकडे बँकांत नोटांच्या गड्ड्या टाचत असत, जशा आपल्याकडे स्टेपल करीत. उलट फार जुनी नोट बिनघडीची, चकचकीत दिसली तर ती धुऊन दाबलेली नाही ना, हे पाहावे. नोट उजेडासमोर धरून कागदातले पाणचित्र पाहावे, सह्यांची जोडी यादीशी ताडून पाहावी, कारण चित्र तेच असूनही सहीमुळे नोट दुर्मिळ ठरते. भोके पाडून 'नमुना' असे छापलेली नोट कधी बाजारात फिरलेली नसते. तिचे मोल वेगळे. आणि पर्यटकांच्या बाजारपेठेत मिळणाऱ्या नकलांपासून चार हात दूर राहावे. फ्रेंच नोटांवर बनावट करणाऱ्याला जन्मभर सक्तमजुरीची धमकी छापलेली असे, आणि असे कैदी फ्रान्स गियानाच्या वसाहतीत धाडी. ती धमकी आता कुणाला भीती घालीत नाही!

एक गंमतीचे कोडेही सांगतो. १ जानेवारी १९६० पासून फ्रान्समध्ये शंभर जुन्या फ्रँकांचा एक नवा फ्रँक झाला. पण रियुनियनच्या पाचशे फ्रँकांच्या नोटेवर ठसा दिसतो दहा नव्या फ्रँकांचा. शंभराने भागले तर पाच यायला हवेत; मग दहा कसे? कारण असे, की बेटावरचा फ्रँक मायदेशीच्या जुन्या फ्रँकाच्या दुप्पट मोलाचा होता. हा दुहेरी हिशेब १९७५ च्या आरंभी, बेटावर फ्रान्सचाच फ्रँक आला तेव्हा संपला.

किंमत, नंबर, कागद यांची नोंद सारेच संग्राहक ठेवतात. नोट कुणाच्या घरातून आली, त्या घरात ती का उरली, हे मात्र फार थोडे लिहून ठेवतात. खरा दुर्मिळ माल तोच आहे. सायगावहून परतलेल्या एखाद्या पाँडिचेरीकराच्या पेटीत पाचशे पियास्त्रची रद्द नोट निघाली तर तिच्यावरचे चित्र कोणत्याही यादीत सापडेल. ती बदलायला तो रांगेत उभा राहिला होता का, हे सांगणारे माणूस एकदा गेले की कुठेच सापडणार नाही.

तेव्हा यंदा घराची झाडलोट करताना एखाद्या जुन्या ट्रंकेच्या तळाशी परमुलखातली नोट निघाली, मग ती फ्रेंच असो, पोर्तुगीज असो की ब्रह्मदेशातली, तर तिला इस्त्री करू नका, चिकटपट्टी लावू नका, आणि किंमत विचारायला बाजारात धावू नका. आधी आजीला विचारा, ही आपल्याकडे कशी राहिली? ती सांगेल ते एका कागदावर तारीख घालून लिहा, आणि नोटेबरोबर ठेवा.